एका कमेंटवरून अकरा वर्षांची नोकरी घ्यायची का?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवण्याचा कारखाना. गाड्यांचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प करतो. परमनंट 64 जण, ठेकेदाराकडचे चाळीसेक हेल्पर, त्यातले बहुतेक बिहार-झारखंडचे. एक लाइन लीडर वडिलांनी घेतलेला, अकरा वर्षं नोकरी, आजवर साधा मेमो नाही. गेल्या रविवारी बांधकामाची भिंत पडून परप्रांतीय मजूर गेल्याची बातमी होती. तिच्याखाली त्यानं फेसबुकवर लिहिलं, 'बरं झालं, तेवढीच गर्दी कमी.' प्रोफाइलवर आमच्या कंपनीचं नाव आणि युनिफॉर्ममधला फोटो. रात्रीतून स्क्रीनशॉट सगळीकडे फिरला. 'काढा त्याला' म्हणून कंपनीच्या पेजवर शेकड्यानं मेसेज. सोमवारी दुपारी आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाच्या परचेसमधून फोन, 'हा माणूस तुमच्याकडेच आहे का?' त्यानं कमेंट काढून टाकली, माफी मागितली, माझ्यासमोर रडला. मी त्याला सध्या आठ दिवस घरी बसवलंय. सल्लागार म्हणतात, महिन्याचा नोटीस पगार द्या आणि मोकळे व्हा. वडील म्हणतात, राजीनामा लिहून घे. धाकटा भाऊ म्हणतो, फेसबुकवर कोण काय लिहितं याच्याशी आपलं काय देणंघेणं. मॅनेजरनं तर सोशल मीडियाबद्दलचं सरकारी परिपत्रकच काढून दाखवलं. न्याय्य काय आहे तेच मला कळत नाही. (एक उद्योजक, भोसरी)

उत्तर:

लोक म्हणतात म्हणून त्याला काढू नका. आणि 'चुकून बोलून गेला' म्हणून फाइल बंदही करू नका. तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे. नक्की काय घडलं हे शोधून काढायचे कष्ट त्यातल्या एकालाही घ्यायचे नाहीत.

ते वाक्य क्रूर आहे, त्यावर वाद नाही. पण नोकरीचा निर्णय वाक्य किती क्रूर आहे यावर होत नाही, होऊही नये. ते वाक्य आणि त्या माणसाच्या हातातलं काम यांचा संबंध काय, यावर तो होतो. हीच कमेंट तुमच्या टूल रूममध्ये एकट्यानं सरफेस ग्राइंडर चालवणाऱ्यानं केली असती, तर आम्ही कडक लेखी समज देऊन थांबा म्हटलं असतं. पण हा लाइन लीडर आहे. कोणता हेल्पर कोणत्या प्रेसवर उभा राहील, ओव्हरटाइम कोणाला मिळेल, रिजेक्शन (बाद माल) कोणाच्या नावावर लागेल, पाणी प्यायला कोणाला सोडायचं, हे तो ठरवतो. ज्यांच्या मरणाला तो 'बरं झालं' म्हणाला, त्यांच्याच गावाकडची माणसं रोज त्याच्या हाताखाली प्रेसमध्ये हात घालतात. 'आपलं काय देणंघेणं' हे तुमच्या भावाचं म्हणणं इथं टिकत नाही.

सगळ्यात आधी एक चूक आजच दुरुस्त करा. त्याला 'घरी बसवलंय' म्हणजे काय? पत्र दिलंय का? पगार चालू आहे का? तोंडी घरी बसवलेला कामगार उद्या कामगार न्यायालयात 'मला तोंडी कामावरून काढलं' असं म्हणू शकतो, आणि तसं नाही हे दाखवायला तुमच्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नसेल. दोनच रस्ते आहेत. एक, भरपगारी रजेवर राहण्याचं लेखी पत्र. दोन, रीतसर निलंबनाचा आदेश. निलंबन केलंत तर निर्वाह भत्ता द्यावाच लागतो, पहिल्या 90 दिवसांसाठी पगाराच्या निम्मा, आणि त्याच्या दोषाशिवाय चौकशी लांबली तर पुढं 75 टक्के. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निलंबनापासून सर्वसाधारणपणे 90 दिवसांत चौकशी पुरी करा असंही सांगितलं आहे. तुमच्या प्रकरणात आम्ही रजाच सुचवू. तो कामावर असताना साक्षीदार दबतील किंवा शॉप फ्लोअरवर मारामारी होईल अशी धास्ती असेल तरच निलंबन करा, आणि ते कारण आदेशात लिहा.

नोटीस पगार आणि राजीनामा

सल्लागारांचा मार्ग सोपा दिसतो, पण तो ऑफिसमधल्या मॅनेजरसाठी आहे. कायद्यानं जो 'कामगार' आहे, त्याला नेमणूकपत्रातल्या नोटीस कलमावर बोट ठेवून घालवता येत नाही. खरं कारण गैरवर्तन असेल आणि पत्रात नुसतं 'सेवेची आवश्यकता नाही' असं लिहिलं असेल, तर न्यायालय पत्राच्या भाषेपलीकडे जाऊन खरं कारण बघतं. तुमच्या बाबतीत ते शोधायलाही नको, कंपनीच्या पेजवर 'काढा त्याला' हे तारीखवार पडलंय.

लाइन लीडर हा 'सुपरवायझर' म्हणून कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो, असंही कोणी तुम्हाला सांगेल. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरसाठी वेतनाची मर्यादा महिना 10,000 रुपये होती, नव्या संहितेत ती 18,000 आहे. पण वेतनाआधी काम बघतात. दिवसातला बराच वेळ तो स्वतः प्रेस चालवत असेल, डाय बसवत असेल, रजा मंजूर करायचा किंवा मेमो द्यायचा अधिकार त्याला नसेल, तर हुद्दा काहीही असो, तो कामगारच धरला जाण्याची शक्यता मोठी. त्याच्या रोजच्या कामाची यादी काढून वकिलाकडून लेखी मत घ्या.

राजीनाम्याबद्दल वडिलांचा हेतू चांगला आहे, पोराच्या कागदावर डाग नको. पण रडणाऱ्या माणसाकडून मालकाच्या केबिनमध्ये लिहून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो. दोन दिवसांनी घरचे, ओळखीचे, युनियनवाले त्याला सांगतील की दबावाखाली लिहून घेतला म्हण. तो तसं म्हणेल आणि ते खरंही असेल. त्यानं आपणहून, चौकशी चालू असताना, घरी जाऊन विचार करून राजीनामा दिला तर गोष्ट निराळी. तुम्ही विषय काढू नका.

चुकीनं काढल्याची किंमतही समजून घ्या. 2013 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बेकायदा काढलेल्या माणसाला मागच्या पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम आहे. मध्यंतरी आपल्याला दुसरी नोकरी नव्हती हे मात्र त्यानं मांडावं लागतं. खटला चार-पाच वर्षं चालला तर तो आकडा कुठं जातो, तुम्हीच हिशेब करा. शिवाय महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईनं काढणं, आणि किरकोळ गैरवर्तनासाठी आधीची नोकरी न बघता धक्का बसेल इतकी जबर शिक्षा देणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नाव घेऊन लिहिल्या आहेत. 'अवाजवी घाई' हे शब्द अधोरेखित करून ठेवा.

कायदा कुठं उभा आहे

मॅनेजरनं दाखवलेलं जुलै 2025 चं परिपत्रक राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्यांना 1979 चे वर्तणूक नियम लागतात. तुमच्या कारखान्याला त्यातलं काही लागू नाही, आरोपपत्रात त्याचा उल्लेखही करू नका.

उलट बाजूनं, 'घटनेनं मला बोलायचं स्वातंत्र्य दिलंय' हे त्याचं म्हणणं खासगी कारखान्यात फार पुढं जात नाही. ते स्वातंत्र्य मुख्यतः सरकारपासून वाचवतं. त्याची नोकरी वाचवतील ते कामगार कायदे.

कारखान्याबाहेरच्या वागण्यावर शिक्षा देता येते का, हा वाद फेसबुकपेक्षा फार जुना आहे. 1964 मध्ये टाटा ऑइल मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी रेषा आखली ती अशी: दोन माणसांचं निव्वळ खासगी भांडण कारखान्याबाहेर झालं तर ते गैरवर्तन नाही, त्या वागण्याचा नोकरीशी काही तरी तर्कसंगत संबंध असावा लागतो. पुढं 1975 मध्ये मुलचंदानी इलेक्ट्रिकलच्या प्रकरणात आवाराबाहेरची मारहाणही शिस्तभंग ठरली, कारण तिची मुळं कामात होती. त्यानंतर 1980 च्या दशकात ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या निकालानं मालकांना आवर घातला. स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, 'आवारात किंवा आवाराच्या लगत' असे शब्द असतील तर ते ताणून गावभर लावायचे नाहीत. आणि स्थायी आदेशात जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलंच नाही, त्यासाठी शिक्षा नाही, हेही त्याच काळात पक्कं झालं.

सोशल मीडियावरचा अलीकडचा ठळक निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, डिसेंबर 2023 चा, हिताची अस्टेमो कंपनीच्या प्रकरणातला. कामगारानं कंपनीविरुद्ध फेसबुकवर पोस्ट टाकल्या होत्या. भाषणस्वातंत्र्याला वाजवीपणाची मर्यादा आहे असं सांगून न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली. तुमचे सल्लागार हा निकाल पुढं करतील. पण तिथं रोख कंपनीवरच होता. तुमच्या माणसानं कंपनीबद्दल चकार शब्द काढलेला नाही. हा फरक वकिलाला विचारा.

म्हणून आधी स्थायी आदेशांची प्रत काढा. महाराष्ट्रात ते 50 किंवा जास्त कामगार असले की लागत होते, नव्या संहितेत सक्ती 300 आणि त्यापुढं आहे. 'आता आपल्याला लागू नाहीत' असं म्हणून ते कपाटात टाकू नका. तुमच्या नेमणूकपत्रांत 'स्थायी आदेश लागू राहतील' हे वाक्य असेल तर ती त्याची सेवाशर्त आहे. आणि आरोप सांगणं, बाजू ऐकणं, पुरावा बघणं हे 300 ला सुरू होत नाही, एका कामगारालाही ते लागतं.

आधी ओव्हरटाइमचं रजिस्टर उघडा

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. चौकशी त्या स्क्रीनशॉटपाशी थांबवू नका. मागचे सहा महिने बघा.

ओव्हरटाइमचं रजिस्टर घ्या आणि त्याच्या लाइनवर ओव्हरटाइम कोणाकोणाला मिळाला त्याची नावं वेगळ्या कागदावर उतरवा. दुसऱ्या लाइनची तशीच यादी करा. ठेकेदाराचं मस्टर शेजारी ठेवा. मग रिजेक्शनची नोंद. बर (कडेला धारदार कंगोरा) निघाला, भोक सरकलं, पीस वाकला, हे सेटिंगचं रिजेक्शन की ऑपरेटरचं, हे लाइन लीडर लिहितो. सेटिंग बिघडल्यावर पीस एकाच प्रकारच्या माणसांच्या नावावर लागतात का? त्यानंतर प्रेस. तुमच्याकडे एखादी जुनी पायडलवर चालणारी प्रेस असेलच, गार्ड अर्धवट, दोन्ही हातांनी बटणं दाबायची सोय नसलेली. त्या मशीनवर सहा महिन्यांत कोण कोण उभं राहिलं ते शिफ्टच्या नोंदीतून काढा. प्रथमोपचाराचं रजिस्टरही बघा. बोटाला लागल्याच्या नोंदी कोणाच्या आहेत?

यातून दोनपैकी एक चित्र पुढं येईल. वाटप सरळ असेल, तर तो माणूस मनात काहीही बाळगत असला तरी कामावर त्यानं भेद केलेला नाही, आणि हा त्याच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. वाटप वाकडं असेल, तर तुमच्यापुढचं प्रकरण फेसबुकचं नाहीच. माणसं बघून धोक्याचं मशीन देणारा लाइन लीडर हे कारखान्याच्या आत, कामाच्या वेळी झालेलं गैरवर्तन आहे, आणि तिथं बडतर्फीपर्यंत जायला तुमच्या पायाखाली घट्ट जमीन असेल. जुनी प्रेस मात्र कोणीही उभं असलं तरी बंद करून गार्ड बसवूनच चालू करा. तो दोष त्याचा नाही, तुमचा आहे.

हेल्परांशी बोला. ते ठेकेदाराचे असले तरी मुख्य मालक तुम्ही आहात. एकेकाला बोलवा, हिंदीत बोला, ठेकेदाराचा सुपरवायझर खोलीत नको. 'तुला राग आला का' असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'नाही साहेब' हेच येणार. विचारा: गेल्या महिन्यात किती दिवस ओव्हरटाइम मिळाला? कुठल्या मशीनवर होतास? लागलं तेव्हा काय झालं? तुला कशी हाक मारतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागेल, लागू द्या. साक्ष दिल्यामुळे काम जाणार नाही हे ठेकेदाराला लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

एखाद्या स्त्री कर्मचाऱ्यानं अश्लील बोलण्याची तक्रार केली, तर तो भाग या चौकशीत घुसडायचा नाही. तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जातो.

चौकशी कशी चालवायची, कुठं फसते

कमेंट काढून टाकलेली आहे, त्यामुळे पुरावा आधी पक्का करा. ज्यानं मूळ स्क्रीनशॉट घेतला त्याला गाठा. तारीख, वेळ, प्रोफाइलचा पत्ता, कोणत्या फोनवर घेतला, हे त्याच्या सहीनं लिहून घ्या. फॉरवर्ड होऊन आलेली प्रत कापलेली, जोडलेली असू शकते. घरगुती चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागत नाही, पण प्रकरण न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, ते आत्ताच तयार ठेवा. लाइन लीडरलाही लेखी विचारा: हे खातं तुमचं आहे का, मजकूर तुम्ही लिहिला का? तुमच्यासमोर रडला हा पुरावा नाही. लेखी कबुली हा पुरावा आहे.

आरोपपत्र मराठीत, साध्या भाषेत, नेमकं. 'आपण कंपनीची बदनामी केली व समाजात तेढ निर्माण केली' असं ढोबळ लिहिलंत की तिथंच हरलात. असं लिहा: 'दि. … रोजी रात्री … वाजता आपण स्वतःच्या फेसबुक खात्यावरून, ज्यावर या कंपनीचे लाइन लीडर असा उल्लेख व कंपनीच्या गणवेशातील छायाचित्र आहे, मजुरांच्या मृत्यूच्या बातमीखाली पुढील मजकूर लिहिला.' मग कमेंट अक्षरशः, अवतरणचिन्हांत. मग त्याचा कामावर झालेला परिणाम: कोणत्या लाइनवर, कोणत्या शिफ्टला, काय घडलं. शेवटी स्थायी आदेशातल्या कलमाचा क्रमांक. 'आपण दोषी आहात, शिक्षा का करू नये' हे वाक्य आरोपपत्रात घालू नका, मन आधीच बनवलं होतं असा त्याचा अर्थ निघतो. उत्तराला सात दिवस द्या. 24 तासांची मुदत ही घाईची पावती असते.

चौकशी अधिकारी तुम्ही नको, मॅनेजर नको, भाऊ तर नकोच. बाहेरचा वकील किंवा निवृत्त कामगार अधिकारी चालेल. कंपनीची बाजू मांडायला प्रशिक्षित कायदेतज्ज्ञ बसवलात तर लाइन लीडरलाही वकील घेऊ द्यावा लागेल, 1983 मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलंय. नाही तर सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी पुरे. त्याला साक्षीदारांची उलटतपासणी करू द्या. रोजच्या कामकाजाचा कागद त्याच दिवशी, सगळ्यांच्या सह्या, एक प्रत त्याच्या हातात. अहवाल आल्यावर त्याची प्रत देऊन त्यावर म्हणणं मागवा. ही पायरी लोक हमखास विसरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या करुणाकर निकालापासून ती टाळता येत नाही.

चौकशी संपेपर्यंत त्याला दुसऱ्या लाइनवर किंवा टूल रूममध्ये ठेवू शकता, माणसं वाटायचं काम काढून घेऊ शकता. लाइन लीडरचा भत्ता मात्र निकाल लागेपर्यंत चालू ठेवा. आधीच बंद केलात तर चौकशीआधी शिक्षा झाली.

पोलिसांकडे कोणी तक्रार केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 196 लागतं का ते पोलीस बघतील. जन्मस्थान, निवास, भाषा यांवरून वैर पसरवणं त्यात येतं. तुमची चौकशी त्यासाठी थांबवायची गरज नाही.

गेटवरची गर्दी

कोणत्याही बाजूची टोळी गेटवर येऊ शकते. त्याला बाहेर आणून हात जोडायला लावायचे, उठाबशा काढायला लावायच्या, मोबाइलवर शूटिंग करायचं, हे आपल्याकडे सर्रास चाललंय, आणि बरेच मालक 'मिटलं एकदाचं' म्हणून ते होऊ देतात. तुम्ही होऊ देऊ नका. तो दोषी असो वा नसो, तुमच्या आवारात त्याचा अपमान होणार नाही ही तुमची जबाबदारी आहे. त्याचा पत्ता, फोन नंबर, शिफ्ट कोणाला सांगायची नाही, सिक्युरिटीलाही तसं लेखी द्या. जमाव येतोय असं कळलं तर थेट 112. तो सहा महिन्यांनी पुन्हा लाइनवर आला आणि त्याचा तो व्हिडिओ हेल्परांच्या मोबाइलमध्ये असला, तर काम कसं चालणार?

ग्राहकाला फोनवर उत्तर देऊ नका, मेल करा. रिजेक्शन आल्यावर तुम्ही एट-डी रिपोर्ट (दोष आणि त्यावरचा उपाय सांगणारा अहवाल) पाठवता, त्याच शिस्तीत: तात्काळ काय रोखलं, मूळ कारण कसं शोधतोय, कायमचा उपाय काय, तारीख कोणती. तीन-चार ओळी पुरतात: 'सदर मजकूर आमच्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावरचा आहे. कंपनी त्याच्याशी सहमत नाही. संबंधिताला माणसांच्या देखरेखीच्या कामापासून दूर ठेवून रीतसर चौकशी सुरू केली आहे. निष्कर्षावर केलेली सुधारात्मक कारवाई … पर्यंत कळवू.' त्याचं नाव नको, 'काढतो' असं वचन नको. तो मेल उद्या कामगार न्यायालयात निकाल आधीच ठरला होता याचा पुरावा होईल. सप्लायर कोडची, म्हणजे ग्राहकानं पुरवठादारांना घालून दिलेल्या नियमांची, तुमची प्रत वाचा. अशा कोडमध्ये सहसा कामाच्या ठिकाणी भेदभाव नसावा आणि तक्रारीवर कारवाई व्हावी असं असतं, अमक्याला अमक्या दिवसापर्यंत काढा असं नसतं.

शिक्षा

शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचं गांभीर्य, आधीची नोकरी आणि सौम्य-तीव्र परिस्थिती तिन्ही बघावी लागतात, आणि बघितली हे आदेशात लिहावं लागतं. न्यायालयं दोन्हीकडे गेली आहेत. 2005 मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात वरिष्ठाला इतरांसमोर घाणेरड्या शिव्या देणाऱ्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. त्याआधी 1982 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कर्मचाऱ्याची, उद्धट आणि धमकीच्या बोलण्यावरून झालेली बडतर्फी जास्त ठरवून दोन वेतनवाढी रोखण्यावर आणली होती.

रजिस्टरं सरळ निघाली, हेल्परांच्या जबान्यांत जुना जाच नसला, त्यानं लेखी कबुली दिली, तर आमचं मत स्पष्ट आहे: बडतर्फी नको. तुमच्या स्थायी आदेशांत वेतनवाढ रोखण्याची शिक्षा असेल तर ती, आणि किमान एक वर्ष लाइन लीडरच्या कामापासून दूर. अकरा वर्षांत एक मेमो नसलेल्या माणसाचं पोट एका वाक्यावर मारणं अन्याय आहे, आणि ज्यांना तो तुच्छ लेखतो त्यांचं ओव्हरटाइम त्याच्याच हातात लगेच परत देणं हाही अन्याय आहे. जबान्यांत रोजची हेटाळणी, ओव्हरटाइममधला भेद, धमकी, यातलं काही सिद्ध झालं, तर काढा, आणि हात थरथरू देऊ नका. तसं झालं तरी पीएफ आणि रजेचे पैसे द्यायचेच, ग्रॅच्युइटीही अशा कमेंटसाठी अडवता येत नाही.

हाच न्याय उलट्या बाजूनंही पाळा. उद्या दुसरा कोणी तुमच्या कारखान्यातल्या त्या जुन्या प्रेसचा फोटो टाकून 'इथं गार्ड नाही' लिहील, किंवा पगारवाढीवरून तुम्हाला चार शब्द सुनावेल, किंवा तुम्हाला न आवडणाऱ्या पक्षाचा झेंडा लावेल. त्याला या प्रकरणाचा दाखला देऊन नोटीस काढायची नाही. सोशल मीडियाची एक पानी नियमावली करा, मराठीत आणि हिंदीत: युनिफॉर्म, लोगो, कंपनीचं नाव वैयक्तिक खात्यावर वापरायचं नाही, सहकाऱ्यांविषयी किंवा ते ज्या समाजाचे, प्रांताचे आहेत त्याविषयी धमकीचं, हिणवणारं लिहायचं नाही, ग्राहकाची ड्रॉइंग, पार्टचे फोटो टाकायचे नाहीत. पगार, सुरक्षा आणि युनियन यांवर बोलायला मनाई नाही, हे वाक्यही त्यातच छापा. ती मागच्या तारखेनं लावू नका. हे प्रकरण जुन्या नियमांवरच चालेल.

निकाल लागला की ग्राहकाच्या आधी त्या हेल्परांना सांगा. शिफ्ट सुटायच्या पंधरा मिनिटं आधी, पगारी वेळेत, हिंदीत, तुम्ही स्वतः. काय सिद्ध झालं, काय कारवाई झाली, ओव्हरटाइम आणि मशीन आता कोण ठरवणार, आणि पुढं काही झालं तर कोणाच्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर ठेकेदाराच्या माणसाचा नको, तुमच्या ऑफिसचा द्या.